दगडावरची नावे

नाशिकच्या माणसाला पांडवलेणी नवीन नाहीत. मुंबई-आग्रा रस्त्याने निघाले की तो डोंगर दुरूनच दिसू लागतो. लहानपणी घरच्यांबरोबर, पुढे शाळेच्या सहलीत मी तेथे कितीतरी वेळा गेलो. पायऱ्या चढायच्या, डबा खायचा, लेण्यांत ओरडून आवाज कसा घुमतो ते ऐकायचे आणि उतरायचे, एवढाच आमचा अभ्यास! यंदा इतिहास मंडळाच्या सहलीत सरांबरोबर गेलो, तेव्हा मात्र हा डोंगर म्हणजे एक दगडी संग्रहालयच आहे हे प्रथम कळले. येथील वस्तू काचेच्या कपाटात मांडलेल्या नाहीत. जेथे घडल्या तेथेच त्या आहेत.

सरांनी आधी आमचा एक गैरसमज दूर केला. या लेण्यांचा पांडवांशी काही संबंध नाही. ही एकूण 24 लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी. भिंतींवरील लेख ब्राह्मी लिपीत असून त्यांची भाषा मुख्यतः प्राकृत आहे. ती अक्षरे आम्हाला परकी वाटली, पण सरांनी एका शब्दावर बोट ठेवून तो वाचून दाखविला : 'लेण'. दोन हजार वर्षांपूर्वीचा शब्द आजही आपल्या तोंडी आहे! 19 क्रमांकाचे लेणे सर्वांत जुने. सातवाहन राजा कृष्ण याच्या काळात नाशिकच्याच एका महामात्राने ते करविले. म्हणजे आपल्या गावाचे नावही तितकेच जुने.

दहाव्या लेण्याच्या ओसरीत सरांनी आम्हाला चक्क गणित घातले. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे दान दिले आणि भिक्षूंच्या खर्चासाठी 3000 कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी 2000 दरमहा शेकडा 1 या दराने आणि 1000 दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. वर्षावासात येथे राहणाऱ्या 20 भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यावेत, असे लेखात म्हटले आहे. आम्ही वहीत मांडले : 2000 चे महिन्याचे व्याज 20, वर्षाचे 240. आणि 20 गुणिले 12 म्हणजेही 240! हिशेब जुळताच सगळा वर्ग हसला. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतसर नोंदविल्याचेही दगडावर लिहिले आहे. ज्या विणकरांवर एवढा विश्वास टाकला, त्यांचा धंदा किती भक्कम असेल याचा विचार मी पहिल्यांदाच केला.

तिसरे लेणे त्याहून भव्य. खाली सहा यक्ष साऱ्या लेण्याचा भार जणू खांद्यावर पेलून धरतात. येथे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आज्ञा आहेत. त्याने भिक्षूंना एका गावातील शेत दिले होते. पुढे त्याच्या 24 व्या राज्यवर्षी गोवर्धनच्या अमात्याला दुसरी आज्ञा गेली : ते शेत कसले जात नाही, ते गावही ओस आहे, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरील सरकारी जमिनीतून शंभर निवर्तने द्यावीत. राजाची चूक आणि तिची दुरुस्ती, दोन्ही दगडावर!

याच गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. नाण्यांवर त्याने असे केले. पण जवळच्याच लेण्यातील शत्रूच्या जावयाचा लेख आजही वाचता येतो. ही गोष्ट माझ्या मनातून जाईना.

शेवटी आम्ही 18 व्या क्रमांकाच्या चैत्यगृहापाशी थांबलो. त्याच्या दर्शनी भागाचे कोरीवकाम हे धंभिक गावाचे दान, असा तेथे छोटासा लेख आहे. त्यात एकाही गावकऱ्याचे नाव नाही. नाव आहे ते गावाचे.

त्याच परिसरात कोणीतरी खिळ्याने खरडलेली आजची नावे दिसली. बदामाची चित्रे, तारखा, महाविद्यालयांची नावेसुद्धा. मित्र संतापून बोलू लागले. मी मात्र गप्प होतो. आठवीत असताना एका किल्ल्याच्या दगडावर मीही माझे नाव असेच कोरले होते, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता! उषवदाताने ठेव ठेवली, धंभिककरांनी चैत्यगृहाचा दर्शनी भाग दिला, मग त्यांची नावे दगडावर आली. मी त्या किल्ल्याला काय दिले होते? एक ओरखडा.

परतताना हे सरांना सांगितले. ते रागावले नाहीत. "आता जे वाचलेस ते चार जणांना वाचायला शिकव," एवढेच म्हणाले. त्या ओरखड्याची भरपाई म्हणून हा लेख लिहिला आहे. पुढच्या वर्षी जाणाऱ्या मित्रांनो, सोबत एक वही जरूर न्या. नाव लिहायचेच असेल, तर तिच्या पहिल्या पानावर लिहा.