जुना लॅपटॉप मोडीत काढण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी कंपनीची सर्वसाधारण मदत संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. आपल्या गाळ्यांतले दहा वर्षांचे लॅपटॉप त्यात बसत नाहीत. मग विक्रेता म्हणतो, नवा घ्या. मासवणला कापड विकणारा माझ्यासारखा माणूस आधी हिशेब करतो की, तेवढ्या रकमेत बोईसरहून किती माल भरता येईल?

यावर लिनक्स हा उपाय आहे. १९९१ साली फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याचा गाभा लिहिला. तो मोफत मिळतो, पण त्याचे प्रकार पुष्कळ आहेत. अंगाचे माप घेतल्याशिवाय आपण कापड फाडत नाही. इथेही आधी माप घ्यावे.

१) रॅम : ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. ती २ जीबीवरही सुरू होते, पण इंटरनेट उघडताच मंदावते. २ जीबी किंवा कमी असल्यास अँटिएक्स बरा.

२) प्रोसेसर : यंत्र ३२ बिटचे असेल तर मिंट चालणार नाही, २०२० च्या २० व्या आवृत्तीपासून त्यांनी ते बंद केले. अँटिएक्स २३ मध्ये ३२ बिटची सोय आहे.

३) हार्ड डिस्क : जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी. वेगात सर्वांत मोठा फरक तिनेच पडतो.

४) काम : जीएसटीचे विवरणपत्र आणि ई-वे बिल ब्राउझरमध्ये भरता येते. पत्रे व तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस आहे. मात्र टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. ज्यांचा सारा हिशेब टॅलीत आहे किंवा ज्यांना डिजिटल सहीचे टोकन लागते, त्यांनी घाई करू नये.

आता माझी चूक सांगतो. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, काही न पुसता, आधी पाहता येतो. मी ते केले नाही. थेट बसवताना 'डिस्क पुसा' यावर बटण दाबले आणि दोन वर्षांची उधारी गेली. कागदावरची खतावणी होती म्हणून वाचलो. तरी ती पुन्हा चढवायला महिना गेला.

म्हणून क्रम असा ठेवा. प्रथम सर्व हिशेब बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. मग आठवडाभर पेन ड्राइव्हवरून काम करा. वायफाय, प्रिंटर, मराठी-उर्दू टायपिंग तपासा. सारे जमले तरच बसवा.

लॅपटॉप बाजारात पुन्हा मिळेल. गेलेली उधारी गिऱ्हाईक आठवून देत नाही.