अवजड वाहनासाठी रस्त्याची पारख

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळील सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल पुरात कोसळला व दोन एस. टी. गाड्या वाहून गेल्या. पुराने पायाखालची माती नेली, की वरून धड दिसणारा पूलही निराधार होतो. म्हणून भात, आंबा वा खताचा ट्रक गावात आणण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. वजन : रिकामे वाहन व माल यांची बेरीज करावी. दोन आसांच्या ट्रकची वजनमर्यादा २०१८ साली १६.२ टनांवरून १८.५ टन झाली. गावच्या जुन्या साकवाची ताकद मात्र त्यामुळे वाढली नाही. जादा भारास २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे.

२. साकव व मोरी : भारमर्यादेचा फलक वाचावा. भेगा, निखळलेले दगड व पायाजवळील खळगे पाहावेत. शंका असल्यास बांधकाम उपविभागास लेखी विचारावे.

३. खारबंदिस्ती : खारबंधावरून ट्रक नेऊ नये. चाकोरीने बांधाचा माथा खचतो, आणि उधाणाचे खारे पाणी तेथूनच भातखाचरांत शिरते.

४. वळण व विजेच्या तारा : मालासह उंची मोजावी.

यांपैकी एकही बाब समाधानकारक नसल्यास माल पक्क्या रस्त्यावरच उतरवून लहान टेम्पोने अथवा बैलगाडीने न्यावा. एका जादा खेपेचा खर्च फुटलेल्या बांधाच्या नुकसानीपेक्षा नेहमीच थोडा असतो.