आंबट मातीवरचे गवत

आपल्या बांधावर गवत न पेरता माजते. कॅनडातल्या सडबरी शहरात मात्र पेरूनही उगवेना! तिथे तांबे व निकेल वितळवताना निघालेल्या गंधकाच्या धुराने माती आंबट, म्हणजे आम्लधर्मी झाली. अशा मातीत हे धातू विरघळून मुळांना विषासारखे बाधतात. टेकड्या काळ्याठिक्कर, उघड्याबोडक्या. त्यात हिवाळाभर बर्फ.

मला कौतुक वाटते ते पोती वाहणाऱ्यांचे. १९७८ पासून विद्यार्थ्यांनी चुनखडीची पूड टेकड्यांवर नेऊन हाताने पसरली. हेक्टरी सुमारे १० टन बरं का! चुनखडीने आंबटपणा मोडला, धातू मातीतच जखडले. मग खत नि गवताचे बी टाकले. जोडीला क्लोव्हर, ते आपल्या हरभऱ्यासारखे हवेतला नत्र मातीत आणते. गवत रुजले आणि मागोमाग बर्चची रोपे न लावताच उगवली.