अधिवृक्क ग्रंथीची गाठ: आधी गोळ्या, मग शस्त्रक्रिया

अचानक डोकं ठणकू लागतं, अंग घामाने भिजतं, छातीत धडधडतं आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप शांत होतं. आपण ते 'टेन्शन' म्हणून सोडून देतो, आणि बहुतेकदा कारण साधंच असतं. पण हे वारंवार होत असेल आणि त्या वेळी रक्तदाबही खूप वाढत असेल, तर एका दुर्मिळ गाठीचा विचार करावा लागतो. तिचं नाव फिओक्रोमोसायटोमा.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्या गाभ्यात अॅड्रेनॅलिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन तयार होतात. ही गाठ याच गाभ्यातल्या पेशींची. बहुतेक रुग्णांत ती शरीरात इतरत्र पसरत नाही. खरा धोका असतो तिच्यातून सुटणाऱ्या संप्रेरकांचा.

मग निदान कसं करतात? अॅड्रेनॅलिन रक्तात अधूनमधून सुटतं, त्यामुळे तपासणीत ते निसटू शकतं. पण गाठीच्या आत त्याचं मेटानेफ्रिनमध्ये रूपांतर सतत चालू असतं आणि ते रक्तात झिरपत राहतं. म्हणून रक्तातली किंवा 24 तासांच्या लघवीतली मेटानेफ्रिन्स मोजतात. ती स्पष्टपणे वाढलेली असली, की सीटी स्कॅन करून गाठ शोधतात. सुई टोचून तुकडा काढणं इथे टाळतात, कारण तेवढ्यानेही संप्रेरकांचा लोंढा सुटू शकतो.

हाच धोका शस्त्रक्रियेतही असतो. म्हणून आधी साधारण 7 ते 14 दिवस अल्फा-ब्लॉकर गोळ्या देतात. त्यांनी आकसलेल्या रक्तवाहिन्या सैलावतात. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने पाणी आणि मीठ वाढवलं, की रक्ताचं घटलेलं प्रमाण भरून येतं. नाडी जलदच राहिली, तर त्यानंतर बीटा-ब्लॉकर. हा क्रम उलटा करून चालत नाही. बीटा-ब्लॉकर आधी दिलं, तर रक्तवाहिन्या रुंदावणारा मार्ग बंद होतो, आकसवणारा उघडाच राहतो आणि रक्तदाब आणखी भडकू शकतो.

शस्त्रक्रिया आता बहुधा दुर्बिणीतून, लहान छिद्रांमधून होते. गाठीतून रक्त बाहेर नेणारी शीर बंद केली, की संप्रेरकांचा पुरवठा एकदम थांबतो आणि रक्तदाब घसरू शकतो. त्यामुळे भूलतज्ज्ञांना दोन्ही टोकांची तयारी ठेवावी लागते.

गाठ निघाली तरी दोन गोष्टी विसरू नका. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत मूळ आनुवंशिक असतं, म्हणून जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि गाठ पुन्हा होऊ शकते, म्हणून दरवर्षी मेटानेफ्रिन्स तपासून घ्या.

'गाठ साधी आहे, मग लगेच का काढत नाहीत?' असं कुणी विचारलं, तर आता तुम्हाला उत्तर माहीत आहे. त्या दोन आठवड्यांत उपचार थांबलेला नसतो. तो सुरू झालेला असतो.