आधी कॉपी, मग दुरुस्ती

आडतीच्या पेढीवर किंवा एखाद्या पतसंस्थेत फॉक्सप्रोवरचा जुना प्रोग्रॅम अजून चालू असतो. सर्व्हर बदलला की आठवड्याभरात तिथलं टेबल करप्ट व्हायला लागतं. मग कुणी म्हणतं प्रोग्रॅम म्हातारा झाला, कुणी म्हणतं नवी डिस्क खराब निघाली. ऐकून घे, मान डोलाव, पण बदललाय तो सर्व्हर, तेव्हा शोध तिथूनच सुरू कर.

त्याआधी सगळ्यांना प्रोग्रॅममधून बाहेर काढ. मालक म्हणेल पावत्या थांबतील, थांबू देत. डीबीएफ (नोंदी), एफपीटी (मेमो), सीडीएक्स (इंडेक्स) या तिन्ही फाइली एकदमच दुसरीकडे घे आणि काय करायचं ते त्या कॉपीवर कर. पॅक ही कमांड मारूच नकोस. डिलीटची खूण असलेल्या नोंदी तो कायमच्या काढतो, आणि बिघडलेल्या टेबलात ती खूण कुठे उमटली असेल याचा नेम नाही. रिइंडेक्सवरही भिस्त नको, कारण टॅगची, म्हणजे प्रत्येक इंडेक्सची, व्याख्या तो त्याच सीडीएक्समधून वाचतो. टॅग कशावर आहेत ते चांगल्या दिवसांत लिहून ठेवायचं, म्हणजे जुने काढून नव्याने बांधता येतात.

आता गणित. डीबीएफच्या हेडरमध्ये नोंदींची संख्या, हेडरची लांबी आणि एका नोंदीची लांबी असते. समज, हेडर ५५२ बाइटचा, नोंद १२० बाइटची, संख्या १०,००० लिहिलेली. शेवटच्या खुणेचा एक बाइट धरून फाइल १२,००,५५३ बाइटची हवी. ती १२,००,६७३ दिसली तर एक नोंद डिस्कवर आहे, पण हेडरला तिचा पत्ता नाही. ती पावती हरवलेली नाही, संख्या दुरुस्त केली की बहुधा दिसते. व्हिज्युअल फॉक्सप्रो ८ पासून टेबल उघडताना ही तपासणी होते आणि २०९१ नंबरची एरर येते. सेट टेबलव्हॅलिडेट शून्य करून ती गप्प करायला सांगणारे भेटतील. त्याने एररचा आवाज जातो, बिघाड तसाच राहतो.

आता मूळ कारण. विंडोजचा सर्व्हर एखाद्या मशीनला सांगतो, वही तुझ्याकडेच ठेव, दुसऱ्याने मागितली तर मी परत मागवीन. याला ऑपलॉक म्हणतात, नव्या आवृत्त्यांत लीज. वर्डच्या फाइलीला हे सोयीचं आहे. पण दहा जण एकाच टेबलात लिहीत असताना परत मागवण्यात थोडी गडबड झाली, वायर ढिली निघाली किंवा नेटवर्क कार्ड वीज वाचवायला झोपलं, की हेडर आणि नोंदी यांची फारकत होते. विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या प्रोटोकॉलवर, एसएमबी १ वर, ऑपलॉक रजिस्ट्रीतून बंद करता यायचे, म्हणून जुना सर्व्हर वर्षानुवर्षं नीट चालला असेल. एसएमबी २ ती सेटिंग जुमानत नाही. तरी एसएमबी १ वर परत जाऊ नकोस, २०१७ चा वॉनाक्राय हा रॅन्समवेअर त्याच दारातून आत आला होता.

नव्या विंडोज सर्व्हरवर टेबलं असलेल्या त्या एका शेअरचा लीजिंगमोड नन कर, बाकीच्या शेअरना हात लावू नकोस. लिनक्सवरचा सांबा असेल तर व्हेटो ऑपलॉक फाइल्समध्ये डीबीएफ, एफपीटी, सीडीएक्स ही तिन्ही एक्स्टेन्शन घाल. क्लायंटकडे डिरेक्टरी आणि फाइलच्या माहितीची कॅश १० सेकंद टिकते, फाइल सापडली नाही ही आठवण ५ सेकंद. लॅनमनवर्कस्टेशनच्या पॅरामीटर्समध्ये तिन्ही शून्य कर. एकच मशीन सुटलं तरी त्रास चालूच राहील, म्हणून यादी करून खुणा करत जा. कार्डाचं वीज वाचवणं बंद कर, अँटिव्हायरसला हा फोल्डर वगळायला सांग.

मग चाचणीसाठी दोन मशीन शेजारी घे. एकावर नोंदी भरत राहा, दुसऱ्यावर संख्या बघत राहा, आणि मधूनच एकाची नेटवर्क वायर ओढ. हे सगळं कॉपीवरच, आणि संध्याकाळी पेढी बंद झाल्यावर.