दप्तरातली भाऊकी

वंशावळ शोधायचं खूळ डोक्यात शिरलं की माणसं आधी घरातल्या म्हाताऱ्यांना गाठतात आणि तिथून थेट पेशवाईत उडी मारतात. खरा गुंता असतो तो मधल्या दीडशे वर्षांत, आणि तो तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गाठोडी बांधून पडलेला असतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घराण्याचा आणि पुढे सोयऱ्याधायऱ्यांचाही गुंता सोडवताना जे उमगलं, ते सांगते.

१. सातबाऱ्यावर थांबू नका, फेरफार मागा.

रेकॉर्ड रूममधला एकही कागद वंशावळीसाठी लिहिलेला नाही. सारा कोणाकडून वसूल करायचा, एवढ्याचीच सरकारला फिकीर होती. त्यामुळे सातबारा फार तर जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगतो. पण नावाशेजारी वर्तुळात जो आकडा दिसतो, तो फेरफाराचा क्रमांक. त्या आकड्याला धरून मागे मागे जायचं. मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, त्यामुळे आमच्या भागात शंभर वर्षं तरी मागे जाता येतं. ‘खातेदार अमुक तारखेस मयत, वारस मुलगे दोन, विधवा एक’ असा वारसाचा फेरफार हाती लागला की दोन पिढ्या एका ओळीत मिळतात.

मात्र नावापुढची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय पुढे सरकू नये. ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. थोरल्याचं एकट्याचं नाव लागलेलं असतं आणि धाकटे तिघे त्याच्या मागे झाकलेले असतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणजे खातेदार अजून पोर आहे. ही अक्षरं न वाचता कैक लोकांनी आपल्या पणजोबांना एकुलतं एक करून टाकलं आहे.

२. नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं नाही.

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. आजोबांना चार मुलगे असले तर त्यांचं नाव चौघांच्याही घरात येणार. मग एकाच गावात, एकाच काळात, एकाच आडनावाचे तीन राणोजी उभे राहतात. अशा वेळी ‘राणोजी बिन तुकोजी’मधला ‘बिन’, म्हणजे अमक्याचा मुलगा, उपयोगी पडतो. पण तुकोजीही दोन निघाले की तोही हात टेकतो. मग मी जमीन धरते. माणसं मुंबईला जातात, आडनावं कुलकर्णीचं पाटील होतात, जमीन मात्र जागची हलत नाही. कुठला सर्व्हे नंबर कोणाकडून कोणाकडे गेला ते लावत गेलं की तिघे राणोजी आपोआप वेगवेगळे होतात. फक्त १९४७च्या कायद्यानंतर जिथे एकत्रीकरण झालं, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ भूमी अभिलेख कार्यालयातून आधी काढून घ्यावा.

३. एका माणसाला दोन बाप दिसले तर दत्तक शोधा.

एका फेरफारात तो ‘बिन गोविंदा’ आणि दहा वर्षांनी दुसऱ्या कागदात ‘बिन बाळाजी’. लोक म्हणतात, तलाठ्याने चूक केली. मला ते पटत नाही. नोंदीवर भाऊकीतल्या दहाजणांचे डोळे असायचे. गोविंदा वारल्यावर त्याच्या वारसांत हा मुलगा आहे का, ते पाहावं. नसेल, आणि निपुत्रिक बाळाजीच्या विधवेच्या जमिनीवर त्याचं नाव लागलेलं असेल, तर उत्तर मिळालं. दत्तक बहुधा भाऊकीतूनच घेत, म्हणून गुंता जास्त.

इनामदार घराण्यांनी इथे आणखी सावध असावं. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि घराण्यांनी आपापल्या कैफियती वंशावळीसकट सादर केल्या. पुणे पुराभिलेखागारात त्या सापडल्या की आनंद होतो. पण ती हक्क शाबीत करायला दिलेली वंशावळ आहे. ज्या शाखेचा हक्काशी संबंध नाही, ती गाळली गेली असेल असं धरूनच वाचावी.

४. बायका वेगळ्या दप्तरात असतात.

जमिनीच्या कागदात बाई येते ती विधवा झाल्यावर. ‘सखुबाई कोम गोविंदा’, म्हणजे गोविंदाची बायको, एवढीच तिची ओळख. माहेर नाही, आणि सखुबाई हे लग्नात बदललेलं नाव. मुली तर १९५६च्या वारसा कायद्यानंतर ठळकपणे दिसू लागतात, त्याही पुष्कळदा हक्कसोड करून लगेच गडप होतात. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत, पोराच्या जन्माला बापाचं नाव आणि ‘मुलगी’ एवढंच.

माझ्या पणजीचं नाव मला नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत मिळालं. त्या वह्या गाव आणि आडनावावर लावलेल्या असतात. आधी आपले उपाध्याय कोणते ते विचारायचं. यजमान अस्थी घेऊन आला की बाप, आजा, भाऊ, मुलगे आणि पुष्कळदा आई-बायकोही लिहून घेत. सरकारी कागदाला सारा हवा होता, उपाध्यायाला पुढच्या पिढीचा यजमान. म्हणून त्याने नाती नीट लिहिली.

५. सन पाहून मग वय काढा.

शकात ७८, फसलीत ५९० आणि सुरसनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, एखाद्या वर्षाच्या फरकाने. सुरसन अक्षरी असतो: ‘खमस तिसैन मया व अलफ’ म्हणजे पाच, नव्वद, शंभर आणि हजार, ११९५. इसवी सनाचं १७९४-९५. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी दिलेली आहे, आईने नव्हे.

६. मोडी वाचून घेताना सारांश मागू नका.

ओळीला ओळ देवनागरी करून मागा. २०२३मध्ये न्या. शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यापासून मोडी जाणणाऱ्यांना भाव आला आहे. ते बरंच झालं. पण काय निघायला हवं ते वाचणाऱ्याला आधी सांगितलं, की तेच निघतं.

७. म्हाताऱ्यांना साल विचारू नका, तिथी विचारा.

‘आजेसासूबाई कधी गेल्या?’ याला उत्तर येतं, ‘मोठा दुष्काळ होता तेव्हा.’ त्याऐवजी ‘त्यांचा महाळ कोणत्या तिथीला घालता?’ असं विचारलं की तिथी खटकन सांगतात. कोतवाल बुकातली तारीख पंचांगात घालून पाहिली की माणूस तोच का, ते ठरतं. आणि महाळ अविधवा नवमीला असेल, तर बाई नवऱ्याआधी गेली हे नक्की. आमच्या एका खापरपणजीचा महाळ नवमीला, आणि फेरफारात मात्र त्याच खापरपणजोबांची विधवा वारस म्हणून हजर. मग दुसरं लग्न शोधायला घेतलं, आणि त्यांच्या ज्या दोन मुलांचं कधी पटलं नाही ते सावत्र भाऊ निघाले.