दिल्लीच्या हवेत टिकेल का?

नवी यंत्रं प्रत्यक्ष वापरायला तयार आहेत की नाहीत, हे तपासणं माझं काम. नोएडात राहतो. हवा, कचरा, वाहतूक यांवरच्या उपायांचे प्रस्ताव इथल्या समित्यांपुढे येतात, तेव्हा यंत्राची बाजू मी बघतो. दिल्लीत दर हिवाळ्यात धुरकं उतरतं आणि त्याच्या मागोमाग नव्या उपायांची रांग लागते. प्रश्न लहान मुलांच्या श्वासाचा आहे, त्यामुळे घाई मला समजते. पण त्याच कारणासाठी चुकीच्या यंत्रावर वाया गेलेला एक हिवाळाही मला परवडणारा वाटत नाही. या कामात जे कळलं ते असं.

१. आकडा सांगितला की जागा विचारावी.

तंत्रज्ञानाची तयारी मोजायला १ ते ९ अशी पट्टी आहे. तिची कल्पना १९७० च्या दशकात ‘नासा’त निघाली, आता आपल्याकडच्या सरकारी अनुदानाच्या अर्जांतही तिचा रकाना असतो. १ म्हणजे नुसतं तत्त्व, ९ म्हणजे प्रत्यक्ष कामात सिद्ध झालेलं यंत्र. पण कुठल्या कामात, कुठल्या गावात? १९८७ मध्ये उत्तर दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कच्या तंत्रावर कचऱ्यापासून वीज करण्याचा प्रकल्प उभा राहिला. युरोपात अशा भट्ट्या व्यवस्थित चालत होत्या. दिल्लीचा कचरा मात्र ओला आणि मातीनं भरलेला. त्यातला चांगला जळणारा कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक भंगारवाल्यांनी आधीच वेचून नेलेलं. भट्टीला हवी तेवढी उष्णता मिळेना आणि प्रकल्प थोडेच दिवस चालून बंद पडला. यंत्रात खोट नव्हती. इथल्या कचऱ्याच्या ढिगात हात घालून आधी कुणी नीट पाहिलं असतं, तर बराच पैसा आणि त्याहून जास्त वेळ वाचला असता. आता माझ्यापुढे कुणी ‘नऊ’ म्हणालं, की मी इथल्या जागेचा वेगळा आकडा मागतो.

२. डेमो बघण्याआधी कागदावर गुणाकार करावा.

कॅनॉट प्लेसचा स्मॉग टॉवर २३ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाला. उंची २४ मीटरहून जास्त, खाली ४० पंखे, खर्च २० कोटींच्या वर, आणि क्षमता सेकंदाला सुमारे १,००० घनमीटर हवा गाळण्याची. एक किलोमीटरच्या परिघातली हवा सुधारेल, असं सांगितलं गेलं होतं. हा हिशेब कुणीही करू शकतं. एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सव्वातीन चौरस किलोमीटरला थोडं कमी. हिवाळ्यात प्रदूषित हवेचा थर ३०० मीटर उंच धरला, तर ती हवा ९४ कोटी घनमीटर भरते. सेकंदाला १,००० घनमीटरनं ती एकदा गाळायला अकरा दिवस लागतात. आणि वारा अगदी मंद, सेकंदाला एक मीटर असला, तरी तेवढ्या परिघातली हवा अर्ध्या-पाऊण तासात निघून जाते आणि नवी येते. पंखे कितीही उत्तम असोत, त्यांची शर्यत वाऱ्याशी आहे. पुढे मोजमापातही फायदा मनोऱ्याच्या जवळपासच दिसला.

असा हिशेब मांडला की कधी कधी समोरची मंडळी नाराज होतात. व्हायला हरकत नाही. मी तो त्यांच्याकडूनच, त्यांच्या कागदावर करून घेतो.

३. चाचणी कुठल्या महिन्यात झाली?

दिल्लीत हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा असं मला वाटतं. हवेतले सूक्ष्म कण मोजणारे स्वस्त सेन्सर आता गल्लोगल्ली दिसतात. तळहाताएवढी डबी, आत लहानसा पंखा, लेझरचा किरण आणि कणांवरून विखुरलेला प्रकाश टिपणारा डोळा. मार्चमध्ये हे सेन्सर महागड्या संदर्भयंत्राशी छान जुळतात. जानेवारीत पहाटे धुकं उतरलं की आर्द्रता शंभराच्या घरात जाते, कण पाणी पिऊन फुगतात, धुक्याचे थेंबही किरणात येतात, आणि डबी तेही सगळं प्रदूषण म्हणून मोजते. संदर्भयंत्र हवा आत घेताना ती तापवून कोरडी करतं, त्यामुळे ते या फसगतीतून बरंचसं सुटतं. मे-जूनमध्ये गोष्ट उलटी. आंधी येते, राजस्थानची धूळ जाड असते, आणि जाड कणांबाबत हा डोळा अधू. उघडून बघितलं तर जाळीवर भुरकट लेप, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. पारा ४५ च्या वर गेलेला असतो, आणि डबी नेमकी तापलेल्या भिंतीवर, पत्र्याच्या छपराखाली लावलेली असते.

सेन्सर टाकाऊ आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. वस्तीवस्तीतला फरक दाखवायला त्यांच्याइतकं उपयोगी काही नाही. पण मार्चच्या निकालावर जानेवारीची खरेदी करू नये. एक पूर्ण वर्ष, सगळे ऋतू, शेजारी संदर्भयंत्र ठेवून: एवढं झालं की मी सही करतो.

४. यशाची व्याख्या आधी लिहून घ्यावी.

२८ ऑक्टोबर २०२५ ला आयआयटी कानपूरनं दिल्लीवर विमानातून फवारणी करून कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. ढगांत ओलावा १५ टक्क्यांच्या आसपासच होता, पाऊस म्हणावा असा पडला नाही. नंतर काही ठिकाणी कणांचं प्रमाण किंचित उतरल्याची आकडेवारी पुढे आली. पण दिल्लीची हवा तासातासाला बदलते. फवारणी न झालेल्या भागाशी तुलना आधीच ठरलेली नसेल, तर वाऱ्याचं श्रेय विमानाला जातं. प्रयोग जरूर करावेत. मात्र किती ओलावा असेल तरच उडायचं, किती मिलिमीटर पडला तर यश, हे उड्डाणाआधी जाहीर व्हावं.

५. चौकीदाराशी बोलावं.

एका कार्यालयात हवा शुद्ध करणारं मोठं यंत्र बसवलं होतं. अहवालात ते अहोरात्र सुरू. फाटकावरच्या भैयाजींना विचारलं, तर ते म्हणाले, “आवाज़ बहुत करता है साहब, रात को बंद कर देते हैं.” फिल्टर कोण बदलतो, हे त्यांना माहीत नव्हतं, आत साहेबांनाही नव्हतं. एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, कागद बघितल्याशिवाय मी आता यंत्र बघत नाही.

६. जोडणी हेच निम्मं यंत्र.

१ जुलै २०२५ पासून दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना इंधन द्यायचं नव्हतं. पंपावर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसले. दोनच दिवसांत दिल्ली सरकारला केंद्राच्या वायू गुणवत्ता आयोगाला पत्र लिहावं लागलं: कॅमेऱ्यांच्या जागा चुकल्यात, सेन्सर आणि ध्वनिक्षेपक बिघडतात, शेजारच्या राज्यांच्या माहितीशी जोड नाही. अंमलबजावणी पुढे ढकलली. नंबर वाचण्याचं तंत्र जुनं आणि चांगलं आहे. पण ज्या गाडीला दिल्लीत तेल मिळणार नाही ती गाझियाबादला किंवा गुरुग्रामला जाऊन भरेल, आणि इथे हद्द ओलांडायला दहा मिनिटंही पुरतात.

७. अपुरं आहे म्हणून नाकारूही नये.

हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण माझ्या कामात ‘नाही’ म्हणणं सोपं असतं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै १९९८ मध्ये दिल्लीच्या सगळ्या बसेस ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणायला सांगितलं. मुदत आली तेव्हा पंप पुरेसे नव्हते, वायूसाठी मैलमैल रांगा लागत, काही बसेसना आगी लागल्या. सीएनजी कच्चं आहे, असं म्हणायला तेव्हा पुरावा भरपूर होता. तरी प्रदूषणावर नेमलेली भुरेलाल समिती आणि न्यायालय मागे हटले नाहीत. कमी इंजिनात नव्हती. ती पंपांत, नळ्यांच्या दाबात, टाकी बसवणाऱ्याच्या कौशल्यात आणि तपासणीच्या नियमांत होती. तिथे काम झालं आणि २००२ च्या अखेरीस शहरातल्या डिझेल बसेस गेल्या. त्या वर्षांत जन्मलेल्या दिल्लीतल्या मुलांना बसचा काळा धूर फारसा माहीत नाही.

म्हणून इलेक्ट्रिक बसचा प्रस्ताव आला की मी बॅटरीचं पान नंतर वाचतो. आधी डेपोचं पान: विजेचा भार किती मंजूर झालाय, ट्रान्सफॉर्मर कधी येणार, चार्जर बिघडला तर माणूस किती तासांत पोचणार, आणि जूनच्या दुपारी एसी लावून बस किती किलोमीटर जाते. ते पान कोरं असेल तर प्रस्ताव परत जातो. सोबत काय भरून आणायचं त्याची यादी असते, आणि पुढच्या बैठकीची तारीख.